संकराचं नाव कुणाचं?



घटपर्णी हे काही आपल्या मातीतलं झाड नव्हे. भारतात रानोमाळ उगवणारी घटपर्णी एकच, मेघालयातली नेपेन्थेस खासियाना. पण संकर करून त्याचं बारसं करणं नेरळ-कर्जतला नवं नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचा ‘सह्याद्री’ हा संकरित भात १९९८चा. त्याचं बियाणं दरवर्षी त्याच दोन पालकांपासून नव्याने तयार करावं लागतं. तिथे नाव त्या संकराचं. कोकण कृषी विद्यापीठाचा १९८१चा ‘रत्ना’ आंबा हा नीलम आणि हापूसचा संकर. त्याची कोय पेरून रत्ना येत नाही, कलमच बांधावं लागतं. तिथे नाव एका झाडाचं आणि त्याच्या कलमांचं. घटपर्णीचा संकर रत्नाच्या पंगतीतला आहे. आपण रोपवाटिकाधारक मात्र त्याला सह्याद्रीसारखं वागवतो, आणि घोळ तिथेच होतो.

घटपर्णीत नर आणि मादी झाडं वेगळी. नराच्या पाकळ्या नसलेल्या बारीक फुलातला पिवळा पराग मादीच्या फुलावर लावायचा, आणि बोंड पिकलं की दोऱ्यासारखं हलकं बी ओल्या शेवाळावर पेरायचं. पालक स्वतःच संकर असले तर एका बोंडातल्या भावंडांतही एकाचा घट लाल ठिपक्यांचा, दुसऱ्याचा नुसता हिरवा. या साऱ्यांना एकच झोकदार नाव लावून विकणं म्हणजे रत्नाच्या कोयींची रोपं रत्ना म्हणून खपवणं. बरं, निवडलेल्या रोपाचं नावही घाईने ठेवू नये. खालचे घट बुटके, पुढे झालरीचे दोन पंख असलेले. वेल चढला की वरचे घट निमुळते आणि जवळपास बिनपंखांचे. दोन्ही पाहिल्याशिवाय, आणि छाटकलमात तेच गुण उतरतात याची खात्री झाल्याशिवाय, नाव कसलं ठेवणार? गुण असे टिकावेत, ही लागवडीतल्या वाणांच्या आंतरराष्ट्रीय नामसंहितेचीही अपेक्षा आहे.

कुणी म्हणेल, गिऱ्हाईक घट बघून पैसे मोजतं, वंशावळ कोण विचारतो? गिऱ्हाईक विचारत नसेल. कायदा विचारू शकतो. खासियाना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहे, आंतरराष्ट्रीय व्यापारात तिच्यावर सगळ्यात कडक निर्बंध आहेत. तिचं रक्त असलेला संकर बाहेर पाठवताना आईबाप कोण, हे कागदावर दाखवता यायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शास्त्रज्ञच नावं बदलतात, मग आमच्या नोंदीला अर्थ काय? बाजारात भरपूर खपणारी ‘व्हेंट्राटा’ ही घटपर्णी व्हेंट्रिकोसा आणि अलाटा या जातींचा संकर म्हणून ओळखली जाई. २०१३मध्ये अलाटाची वेगवेगळ्या जातींत फोड झाली आणि तो पालक बहुधा ग्रॅसिलिफ्लोरा असावा असं ठरलं. पण यातून माझ्याच म्हणण्याला बळ मिळतं. पालकांची शास्त्रीय नावं बदलतील. वाणाचं नाव एका झाडाला बांधलेलं असल्याने त्याला धक्का लागत नाही. संकराच्या नोंदवहीत फक्त पालकाचं नाव न लिहिता ‘अमुक कुंडीतलं मादी झाड, अमुक ठिकाणाहून आणलेलं’ असं लिहिलं, तर उद्या नाव बदललं तरी झाड सापडेल. ज्याला व्यापारी गुपित जपायचं असेल त्याने वही कपाटात ठेवावी, पण ठेवावी.

आणि ज्यांची वही आधीच हरवली आहे, त्यांनी पाटीवर ‘संकर, पालक अज्ञात’ असं लिहून खुशाल विकावं. नेरळचा एप्रिल-मे शेडनेटखाली सोसून दाखवणारं झाड तसंही विकलं जातं.