मुक्कामी गाडीचा हिशेब



ग्रामीण वाहतुकीवरच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, याबद्दल मनापासून आभार. माझी सगळी नोकरी एसटीच्या वाहतूक शाखेत, फेऱ्यांची वेळापत्रकं बसवण्यात गेली. म्हणून आज एकाच गाडीबद्दल बोलतो: तालुक्याहून दिवेलागणीला सुटणारी आणि रात्री गावातच वस्तीला राहणारी मुक्कामी गाडी. कोरोना आणि पाठोपाठ २०२१-२२चा संप, या काळात बंद पडलेल्या कित्येक मुक्कामी फेऱ्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत.

अशी फेरी बंद कशी होते? आगारात गाड्या कमी पडल्या की भारमानाचा तक्ता काढला जातो. सायंकाळी सातच्या गाडीला पंधरा-वीस प्रवासी, त्यात निम्मे पासवाले. फेरी तोट्याची ठरते आणि ‘तात्पुरती रद्द’ असा शेरा पडतो. काही महिन्यांत सकाळी दहाच्या गाडीची गर्दीही ओसरू लागते. परतीची सोय नाही म्हटल्यावर बारावी सायन्सच्या मुलीला घरचे प्रॅक्टिकलला पाठवत नाहीत. कापड दुकानात कामाला जाणारी बाई मालकाची विनवणी करून पाचलाच निघते, तेवढा पगार कापला जातो आणि शेवटी ती काम सोडते. उरलेले वडापच्या जीपला लटकतात. भारमान एकेका फेरीचं निघतं, पण माणूस जाऊन परत येणार असतो. सायंकाळच्या गाडीची कमाई सकाळच्याच तिकिटांत जमा झालेली असते. तेव्हा जाण्या-येण्याचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय कोणत्याही गावाची शेवटची गाडी रद्द होऊ नये, ही माझी पहिली मागणी आहे.

ज्या १९५०च्या कायद्याखाली आपलं महामंडळ चालतं, तो महामंडळाला व्यापारी तत्त्वावर कारभार करायला सांगतो. पण पुरेशी, कार्यक्षम आणि परवडणारी वाहतूक पुरवणं हे कर्तव्यही तोच कायदा घालून देतो. आजवर आगारप्रमुखाला जाब विचारला गेला तो पहिल्या कलमाचा. दुसऱ्या कलमासाठी त्याच्या हातात कुणी पैसे ठेवले नाहीत, मग दोष त्याला कसा द्यायचा?

पैशाचं बोलू. मोठी बस लिटरमागे साडेचार-पाच किलोमीटर जाते. तीस किलोमीटरच्या फेरीला पाच-सहाशे रुपयांचं डिझेल, म्हणजे महिन्याला सोळा-सतरा हजार. केरळने २०२२मध्ये ‘ग्रामवंडी’ योजना सुरू केली. तिथे डिझेलचा खर्च पंचायत उचलते, गाडी आणि कर्मचारी महामंडळाचे. मार्ग आणि वेळ ठरवण्यात पंचायतीचा शब्द चालतो. आपल्याकडे रस्त्यावरच्या पाच गावांनी हा खर्च वाटून घेतला, तर गावामागे साडेतीन हजारांच्या आत बसतो. तरीही ही योजना जशीच्या तशी आणावी असं मी म्हणणार नाही. ज्या ग्रामपंचायतीची घरपट्टीच धड वसूल होत नाही, ते गाव अंधारात राहील आणि बाजारपेठेच्या गावाला आणखी एक गाडी मिळेल. आपल्या एसटीच्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर आहे. त्यातला एक वाटा सरकारने सायंकाळच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवावा आणि तो फेरीमागे थेट आगाराला मिळावा. १७ मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, फार चांगलं झालं. पण ज्या गावात सातची गाडीच जात नाही, तिथल्या बाईला सातच्या वेळी त्या सवलतीचा काय उपयोग?

गावांनी मात्र दुसरी एक जबाबदारी घ्यायला हवी. मुक्कामाला गेलेला चालक कुठे झोपतो, हे कधी जाऊन बघा. शाळेच्या ओसरीवर, देवळात, पावसाळ्यात गाडीतल्याच बाकावर वळकटी पसरून. डास, उंदीर, पहाटे डबा घेऊन ओढ्याकडे जायचं, आणि साडेपाचला पन्नास माणसांचा जीव हातात घेऊन घाट उतरायचा. मोटार परिवहन कामगारांच्या, २०२५पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या कायद्यात दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तासांची विश्रांती सांगितली होती. गाडी रात्री साडेनऊला पोचून पहाटे साडेपाचला निघणार असेल, तर ते नऊ तास भरतच नाहीत. वेळापत्रक बसवणाऱ्याने आधी हे बघावं. शिवाय आता वाहक म्हणून मुली आल्या आहेत. कडी लागणारं दार, नळाचं पाणी आणि स्वच्छ संडास असल्याशिवाय त्यांना वस्तीच्या ड्यूटीवर पाठवण्याचा कुणाला अधिकार नाही. एवढी एक खोली गाव देऊ शकतं. ग्रामपंचायतीने ती बांधावी, तिची किल्ली वाहकाकडे असावी आणि झाडलोटीचं मानधन गावाने द्यावं. माझ्या अनुभवात जिथे अशी खोली होती, तिथे वस्तीची ड्यूटी टाळण्यासाठी कुणी रजेचा अर्ज टाकला नाही.

दुपारच्या सत्रात ठरावाचा मसुदा आपल्यापुढे येईल. त्याआधी प्रत्येक सरपंचाने दारातल्या टेबलावरच्या तक्त्यात तीन गोष्टी लिहाव्यात: गावाला तालुक्याहून येणारी शेवटची गाडी किती वाजता आहे, कॉलेजला आणि कामाला जाणारी माणसं किती, आणि मुक्कामाची खोली आहे की नाही. आगारवार याद्या लावून त्या ठरावासोबत परिवहनमंत्र्यांकडे पाठवायच्या आहेत.