धंद्यात अडचण आली तर

मंडळी, आज आम्ही तुमच्याशी धंद्याविषयी बोलणार आहोत. धंदा म्हणजे मोठी पेढी किंवा मोठा कारखानाच, असं काही नाही. दोन म्हशींचं दूध घालणं हाही धंदा. घरच्या मशीनवर झबली शिवणं हाही धंदा. कांदा राखून विकणं आणि गुऱ्हाळ चालवणं हे तर आपल्या भागातले नावाजलेले धंदे. भीमेच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. पाणी आलं तसा ऊस आला. दौंडच्या बाजूला राहू, पारगाव, केडगाव, यवत या पट्ट्यात गुऱ्हाळांची धुराडी दिसू लागली.

धंदा आला की अडचणही येते. अडचण आली की आपण पहिल्यांदा काय करतो? माणूस शोधतो. "गड्यानं घाण केली." "सुनेचा पायगुण." "कोणाची तरी नजर लागली." एवढं बोललं की आपलं मन हलकं होतं. अडचण मात्र तिथंच राहते.

आता एका गुऱ्हाळाची हकिगत ऐका. नाव सांगत नाही. राहू बेटातले आमच्या ओळखीचे एक गुऱ्हाळवाले आहेत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. ऐन हंगामात त्यांच्या गुळाच्या ढेपा मऊ पडू लागल्या. साच्यातून काढलेली ढेप दोन दिवसांत चिकट होई, तिला पाणी सुटे. पुण्याच्या मार्केट यार्डात आडत्याने भाव पाडला. अण्णांवर सोसायटीचं कर्ज होतं. त्यांनी ठरवलं, गुळव्याला काढून टाकायचं.

गुळवे मामा साठीचे. तीस वर्षं काहिलीपाशी उभे राहिलेले. अण्णांकडून उचल घेऊन बसलेले, त्यामुळे उलटून बोलायची सोय नाही. आम्ही साक्षरता वर्गाच्या कामासाठी तिथं गेलो होतो. मामा एका बाजूला येऊन म्हणाले, "गुरुजी, पाक मी बरोबरच उतरवतो. पण माझं ऐकतंय कोण?"

आम्ही अण्णांना म्हणालो, "अण्णा, काढायचंच तर आठ दिवसांनी काढा. आधी बघू तरी." पाक उतरवायची वेळ झाली की मामा थंड पाण्यात थेंब टाकत. त्याची टणक गोळी झाली की काहील उतरवत. आम्ही तापमापी लावली. पाक ११८ अंशांच्या आसपास उतरत होता. घट्ट ढेपेला हे योग्यच. म्हणजे मामांचा हात चुकत नव्हता.

अण्णांनी त्याआधी स्वतःच उपाय करून पाहिले होते. एकाच दिवशी चुना कमी केला, भेंडीचा रस वाढवला आणि जळणही बदललं. काही ढेपा बऱ्या निघाल्या, काही आणखी बिघडल्या. कशानं सुधारलं आणि कशानं बिघडलं, कळणार कसं? वैद्यानं तीन औषधं एकदम दिली तर गुण कोणाचा? म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बाकीच्या होत्या तशा ठेवाव्यात.

अण्णांची सूनबाई आमच्या वर्गात नुकतीच लिहायला शिकली होती. तिला आम्ही एक वही दिली. दर आधणाला चारच गोष्टी लिहायच्या. ऊस कोणत्या रानातला, कधी तोडला, चरकात कधी घातला, ढेप कशी झाली. अण्णा हसले. "वहीनं गूळ घट्ट होतो काय?" म्हणाले. सूनबाई काही बोलली नाही. रोज लिहीत राहिली.

आठ दिवसांत चौतीस आधणं झाली. त्यातली तेरा मऊ निघाली. आम्ही ती तेरा नावं वेगळी काढली. त्यांतल्या दहांचा ऊस तोडून एक दिवसाहून जास्त झाला होता. घट्ट ढेपांचा ऊस मात्र सगळा ताजा. तरी आम्ही लगेच निकाल दिला नाही. एकाच रानातला ऊस आणला. अर्धा त्याच दिवशी गाळला, अर्धा दोन दिवस उन्हात ठेवून मग गाळला. गुळवे मामा तेच, काहील तीच, चुना तेवढाच. पहिला गूळ खणखणीत, दुसरा मऊ.

असं का होतं? तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर फुटते. तिची वेगळीच साखर होते. जिभेला ती गोड लागते, पण तिचा कण बांधत नाही. शिवाय ती हवेतलं पाणी ओढून घेते. म्हणून ऊस तोडला की शक्यतो त्याच दिवशी गाळावा.

इथं थांबलो असतो तर अण्णा म्हणाले असते, "बरं, ताजा ऊस आणा." आणि चार दिवसांनी पुन्हा तेच झालं असतं. म्हणून आम्ही पुढं विचारलं. ऊस पडून का राहतो? कारण ट्रॉली तिसऱ्या दिवशी येते, मग तीन दिवसांचा ऊस एकदम तोडावा लागतो. ट्रॉली रोज का येत नाही? ट्रॉलीवाला आधी दुसऱ्यांची खेप करतो. का? मागच्या हंगामाचे पैसे अण्णांकडे राहिलेत. का राहिले? अण्णा म्हणतात, दिले. तो म्हणतो, मिळाले नाहीत. कुठं लिहिलंय? कुठंच नाही.

बघा, निघालो होतो गुळव्याला काढायला आणि पोचलो कुठं!

दोघांना समोरासमोर बसवलं. चहा झाला, थोडी बाचाबाचीही झाली. आडत्याच्या जुन्या पट्ट्या काढल्या. एक टन उसाला साधारण शंभर ते सव्वाशे किलो गूळ उतरतो. त्यावरून ऊस किती आला असेल आणि खेपा किती झाल्या असतील, याचा अंदाज काढला. काही खेपांचे पैसे खरंच राहिले होते. अण्णांनी निम्मे तिथंच दिले, निम्मे हंगाम संपल्यावर द्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून ट्रॉली रोज येऊ लागली. गुळवे मामा राहिले.

राहता राहिली तीन आधणं. ऊस ताजा असूनही ती मऊ निघाली होती. वहीत पाहिलं तर तिन्हींचा ऊस कालव्याखालच्या एकाच रानातला. ते रान खारवट झालेलं आहे. तसल्या उसाचा गूळ खारट लागतो आणि टिकत नाही. त्याला मामा काय करणार आणि ट्रॉलीवाला तरी काय करणार? तो ऊस अण्णांनी साखर कारखान्याला घालायचं ठरवलं. रानातला क्षार काढायला चर खणावे लागतील. ते काम अजून व्हायचंच आहे.

असं 'का' विचारत जाण्याची रीत आमची नाही. जपानात साकिची टोयोडा नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. जन्म १८६७ सालचा, सुताराच्या घरातला. त्यांनी असा माग केला की धागा तुटला की तो आपोआप थांबे. खराब कापड विणत बसत नसे. एका अडचणीला पाच वेळा 'का' विचारावं, ही रीत त्यांच्या नावानं सांगतात. पुढं टोयोटाच्या मोटार कारखान्यात ती रुळली आणि जगभर गेली. शिरूरची कितीतरी पोरं रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. त्यांना विचारा, ही रीत त्यांच्या कानावर असेल. पाच हा आकडा काही देवानं दिलेला नाही, बरं का. कधी तीनदा विचारून भागतं, कधी सात वेळा विचारावं लागतं.

शिरूरकडच्या मंडळींना वाटेल, आम्हाला गुळाचं काय? तुमचा कांदा घ्या. चाळीत कांदा सडला की आपण पावसाळी हवेला दोष देतो. पण विचारा. काढणीआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडलं होतं का? कांदा पातीसकट तीन-चार दिवस रानात सुकवला का? मान अगदी मुळाशी कापली, की बोटाच्या पेराएवढी ठेवली? चाळीला खालून वारा लागतो का? आणि कांदा कोणता? उन्हाळी कांदा टिकतो, खरिपाचा टिकत नाही, त्याला चाळीत घालून उपयोग नाही. शेजारच्या खेड तालुक्यात राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधनाची सरकारी संस्था आहे. ज्यांना जमेल त्यांनी तिथं जाऊन चाळ कशी असते ते बघून यावं.

पुढच्या बैठकीला ज्याच्या धंद्यात अडचण असेल त्याने आठ दिवसांची वही लिहून आणावी. अक्षर वाकडं असलं तरी चालेल. झबली शिवणाऱ्या आक्कांनी आपला नंबर आधीच लावून ठेवला आहे. त्यांची अडचण अशी, की धागा सारखा तुटतो आणि दुकानदार म्हणतो मशीनच बदला.