जेवढा पुरावा, तेवढेच विधान



 या परिषदेत समोर बसलेल्यांपैकी बरेच जण एम.ए.चा प्रकल्प लिहीत आहेत, काहींची पीएचडीची नोंदणी नुकतीच झाली आहे. म्हणून संशोधनाच्या तत्त्वज्ञानात न शिरता रोजच्या कामाबद्दलच बोलतो. सुरुवात एका उदाहरणाने करतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते अभ्यासली गेली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक होते. तिथे पाठभेद कसे टिपत, ते आपण प्रत्येकाने एकदा नीट समजून घ्यावे. कागदावर आडवे-उभे चौकोन आखलेले असत. सर्वांत वर प्रचलित पाठातला श्लोक, एका चौकोनात एक अक्षर. त्याखाली प्रत्येक पोथीसाठी स्वतंत्र ओळ आणि ओळीच्या सुरुवातीला त्या पोथीची खूण. पोथीत तेच अक्षर असेल तर चौकोन रिकामा ठेवायचा, वेगळे असेल तर ते त्याच चौकोनात भरायचे. कडेला शेऱ्यासाठी जागा. पोथीत काय आहे ते एका ठिकाणी आणि त्यावर काय म्हणायचे ते दुसऱ्या ठिकाणी, अशी ही व्यवस्था होती. छापील ग्रंथातही वर सिद्ध केलेली संहिता आणि तळाशी नाकारलेले पाठ, कोणत्या पोथीत कोणता हे सांगून. शिवाय वरच्या संहितेत जिथे संपादकाला पुरती खात्री नाही, तिथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ.

मला ती रेघ फार मोलाची वाटते. इतक्या पोथ्या चाळलेली माणसे वाचकाला छापून सांगतात की, इथे आमचा पाय पक्का नाही. आपल्या प्रबंधांत मात्र सगळी विधाने एकाच ठाम सुरात येतात. पाच कादंबऱ्या वाचून 'मराठी कादंबरीने स्त्रीला नेहमीच दुय्यम स्थान दिले' असे लिहून आपण मोकळे होतो. पाच वाचल्या असतील तर पाचांबद्दल बोला, अंदाज असेल तर अंदाज म्हणा आणि उलटा पुरावा सापडला तर तोही त्याच पानावर नोंदवा. परीक्षकाला यात कमीपणा दिसत नाही, उलट विश्वास वाटतो. मी स्वतः प्रबंध हाती आला की आधी चार-दोन तळटीपा मूळ पुस्तकाशी ताडून पाहतो. त्या जुळल्या की पुढची पाने मोकळ्या मनाने वाचता येतात.

तळटीप खरी उतरायची तर टिपण खरे हवे. अभिलेखागारात किंवा ग्रंथालयात मोबाइलवर फोटो काढता, तेव्हा पहिला फोटो शीर्षकपृष्ठामागच्या पानाचा काढा, जिथे आवृत्ती, साल आणि प्रकाशक असतो. पेशवे दफ्तराचा कागद असेल तर रुमालाचा, म्हणजे कागदांच्या गाठोड्याचा, क्रमांक आधी टिपा, मग कागद वाचा. लेखकाचे वाक्य जसेच्या तसे उतरवले तर त्याच क्षणी अवतरणचिन्हे द्या आणि पान लिहा. स्वतःचे मत वेगळ्या शाईने किंवा वेगळ्या रकान्यात. दोन वर्षांनी ती वही उघडाल तेव्हा कोणते वाक्य कोणाचे, हे आठवणार नाही. वाङ्मयचौर्याची कितीतरी प्रकरणे अशा बेशिस्त वहीतून जन्मतात. दुसऱ्याच्या पुस्तकात उद्धृत केलेला मजकूर घेतलात तर तसे स्पष्ट लिहा. मूळ ग्रंथ पाहिल्याचा आव आणू नका.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. तेव्हापासून टक्का खाली आणण्यासाठी शब्दाला प्रतिशब्द घालत बसण्याची खोड लागली आहे. ती सोडा. तपासणीचे यंत्र शब्दांचे साम्य मोजते. उसना विचार कुणाचा, हे तुम्हालाच सांगावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून संदर्भसूची मागाल तर कधीही न छापलेली पुस्तके पानक्रमांकांसह मिळू शकतात. जे पुस्तक हातात धरले नाही, पडद्यावरही उघडले नाही, ते सूचीत घालू नका. आणि पैसे भरून कुठल्याही नियतकालिकात लेख छापण्याची घाई नको. २०२२ च्या पीएचडी नियमावलीत आयोगाने प्रबंधाआधी लेख छापण्याची सक्ती काढली आहे. आपल्या विद्यापीठाचा नियम तेवढा पाहून घ्या.

विषय लहान घ्या. 'सत्यशोधकी पत्रकारिता' एवढा विषय दोन-तीन वर्षांत आवरत नाही. मुकुंदराव पाटलांनी तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून 'दीनमित्र' हे सत्यशोधकी वृत्तपत्र चालवले. त्याच्या एका वर्षाच्या उपलब्ध अंकांत सावकारीबद्दल काय काय येते, हा प्रश्न घ्या. बातमी किती, अग्रलेख किती, वाचकांची पत्रे कोणत्या गावांची, हे मोजता येते. त्यातून जे हाती येईल ते तुमचे स्वतःचे असेल आणि मोठ्या विषयावर बोलायचा अधिकारही त्यातूनच मिळेल.

लिहायला मात्र लवकर बसा. सगळे वाचून झाल्यावर लिहू, म्हणणाऱ्याचे वाचन संपत नाही. महिन्याला चार पाने लिहा आणि ती कुणाला तरी वाचायला द्या. महाभारताच्या प्रकल्पातही १९२३ मध्ये ना. बा. उटगीकरांनी विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती काढली, ती जाणकारांच्या अभिप्रायासाठी. चिकित्सक आवृत्तीतले, डॉ. रघुवीरांनी संपादित केलेले विराटपर्व आले ते १९३६ मध्ये. कच्चे काम दाखवण्यात एवढ्या मोठ्या विद्वानांना संकोच वाटला नाही; तुम्हीही वाटून घेऊ नका. भाषा साधी ठेवा. 'प्रस्तुत संशोधकास असे निदर्शनास आले' याऐवजी 'मला असे दिसले' म्हणा, म्हणजे त्या विधानाची जबाबदारी कुणाची तेही कळेल.

शेवटी सभागृहातल्या मार्गदर्शक प्राध्यापकांना एक कळकळीची विनंती. विद्यार्थ्याने दिलेले प्रकरण महिनोन् महिने कपाटात पडून राहिले, तर मी आज सांगितलेले सगळे वाया जाते. पेन्सिल हातात घेऊन ते वाचा, समासात प्रश्न लिहा आणि पंधरा दिवसांत परत करा.