प्रकाशाचे शस्त्र आणि त्याचा हिशेब



बोनस, महागाईभत्ता आणि किमान वेतन यांवर बोलणाऱ्या माणसाने लेसरच्या शस्त्रांवर व्याख्यान द्यावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. आम्ही शास्त्रज्ञ नाही. शाळा नववीत सुटली. पुढले जे काही शिकलो ते नगरवाचनालयात आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसांकडून. परंतु आमच्या युनियनमधले कित्येक सभासद पत्रा कापण्याच्या लेसर यंत्रावर पाळीपाळीने काम करतात. ज्या किरणाने ते मोटारीचे भाग कापतात, त्याच जातीच्या किरणाने आज आकाशातली विमाने पाडण्याचे प्रयोग चालले आहेत. म्हणून हा विषय आमच्या अंगणातला आहे असे आम्ही समजतो.

लेसर म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. कारखान्याची पाळी सुटली म्हणजे फाटकातून माणसे बाहेर पडतात आणि दहा दिशांना पांगतात. साध्या दिव्याचा प्रकाश तसा असतो. तीच माणसे मोर्च्यात एका पावलाने, एका घोषणेने चालू लागली म्हणजे त्यांचे बळ वेगळे दिसते, तो लेसर. हे होऊ शकते याचे गणित आइनस्टाइन यांनी १९१७ सालीच मांडले होते. प्रत्यक्षात ते घडले १६ मे १९६० रोजी, कॅलिफोर्नियात, थिओडोर मेमन यांच्या हातून, माणकाच्या एका कांडीतून. आणि गंमत अशी की शोध जाहीर होताच वर्तमानपत्रांनी ‘मृत्युकिरण’ सापडल्याच्या आरोळ्या ठोकल्या. मेमन बिचारे त्यावर वैतागले. त्या किरणाने अजून काही मारले नव्हते, आणि त्याचा उपयोग काय हेच अजून शोधायचे होते.

मृत्युकिरणाची ही हौस मात्र जुनी आहे. आर्किमिडीजने आरशांनी रोमन जहाजे जाळली ही कथा आपण शाळेत ऐकतो. ती लिहिली गेली ती शेकडो वर्षांनंतर, तेव्हा तिला कथाच म्हणू. १९२४ साली ग्रिंडेल मॅथ्यूज नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने मृत्युकिरण आपल्यापाशी असल्याचा दावा करून मोठी खळबळ उडवली. किरण काही कोणी पाहिला नाही. पुढे ब्रिटिश हवाई खात्याने शंभर यार्डांवरचे मेंढरू मारून दाखवील त्याला हजार पौंड देऊ केले. बक्षीस कोणाला मिळाले नाही.

पण त्यातून जे निघाले ते ऐकण्यासारखे आहे. १९३५ च्या आरंभी खात्याने वॉटसन-वॉट या रेडिओशास्त्रज्ञाला विचारले, असा किरण करता येईल का? त्यांनी आपले साहाय्यक विल्किन्स यांच्याकडे एक हिशेब सोपवला : पाच किलोमीटर दूर आणि एक किलोमीटर उंच ठेवलेले आठ पाइंट पाणी अठ्ठ्याण्णव अंशांवरून एकशेपाच अंशांवर न्यायला रेडिओची शक्ती किती लागेल? आठ पाइंट म्हणजे माणसाच्या अंगातले रक्त, आणि एकशेपाच अंश म्हणजे तापाने निपचित पडणे. विल्किन्स यांना प्रश्नाचा मतलब कळला. त्यांनी आकडे मांडून सांगितले की हे अशक्य आहे. परंतु विमानावर आपटून परत येणाऱ्या लहरी टिपता येतील. त्याच साली २६ फेब्रुवारीला डॅव्हेंट्री येथे तो प्रयोग यशस्वी झाला. रडारचा जन्म असा एका प्रामाणिक नकारातून झाला. वरिष्ठाला ‘होय साहेब’ म्हणणाऱ्याकडून तो झाला नसता.

आता आपल्या मातीतल्या एका माणसाची गोष्ट. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ सालचा, बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले, आणि १९६४ साली बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस वर्षांचे. सोडावॉटरच्या बाटलीत असतो तो वायू! या लेसरने पुढे जगभर पोलाद कापले आणि रुग्णालयांत शस्त्रक्रिया केल्या. सैन्याची नजरही त्याच्याकडे ताबडतोब वळली.

२३ मार्च १९८३ रोजी अध्यक्ष रेगन यांनी अण्वस्त्रे निकामी आणि कालबाह्य करून टाकण्याची हाक दिली. आकाशात लेसर ठेवायचे आणि रशियाची क्षेपणास्त्रे वाटेतच जाळायची, असे त्या योजनेचे चित्र लोकांपुढे उभे राहिले. अणुबाँब फोडून त्यातून क्ष-किरणांचा लेसर काढण्याचीही कल्पना होती. एडवर्ड टेलर तिचे पुरस्कर्ते. पैसा वाहू लागला आणि ‘होय साहेब’ म्हणणारेही पुष्कळ निघाले. तेव्हा अमेरिकन भौतिकी संस्थेने स्वतःची एक समिती नेमली. तिचे दोन अध्यक्ष होते : एक नोबेल पारितोषिकाचे मानकरी ब्लोमबर्गन आणि दुसरे आमचे बारामतीचे पटेल. १९८७ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. या कामासाठी पुढे आलेल्या किरणांची शक्ती व शुद्धता शंभर पट आणि त्याहूनही अधिक वाढल्याखेरीज त्यांचा गंभीरपणे विचारच करता येणार नाही; शस्त्र चालेल की नाही हे सांगण्यापुरते ज्ञान मिळवायलाच दहा वर्षे किंवा अधिक जातील, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्याने लेसर घडवला त्यानेच लेसरच्या मर्यादा सरकारला तोंडावर सांगितल्या. कारागिराचा हा बाणा आम्हाला फार मोलाचा वाटतो.

तरीही प्रयत्न थांबले नाहीत. बोइंगच्या एका प्रचंड विमानात रासायनिक लेसर बसवला गेला. ११ फेब्रुवारी २०१० रोजी त्याने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे एक क्षेपणास्त्र खरोखरच पाडले. पण परिणाम साधायला ते विमान शत्रूच्या दाराशी जाऊन घिरट्या घालणार, आणि शत्रू ते पाहत बसणार! पाच अब्ज डॉलरांहून अधिक खर्च झाल्यावर २०११ साली योजना गुंडाळली. २०१४ मध्ये ते विमान भंगारात निघाले.

मग आज पुन्हा गाजावाजा का? याचे उत्तर आमच्या कारखान्यांत आहे. रसायनांच्या टाक्या गेल्या आणि केसासारख्या काचतंतूतून निघणारा, विजेवर चालणारा लेसर आला. तो वाढला तो मोटारींच्या वेल्डिंगसाठी. २०१४ साली अमेरिकेने ‘पाँस’ या जहाजावर जे लेसर शस्त्र बसवले, त्याच्या पोटात वेल्डिंगचे बाजारात मिळणारे सहा लेसर होते, प्रत्येकी साडेपाच किलोवॅटचे. सैन्याने येथे कारखान्याकडून उसने घेतले आहे, हे लक्षात ठेवा.

आमचे ऑपरेटर विचारतात, सहा किलोवॅटचे आमचे यंत्र जाड पोलाद लोण्यासारखे कापते, मग तीस किलोवॅटला विमान जाळायला सेकंदांमागून सेकंद का लागावेत? याचे कारण ठिपका. यंत्रात नोझल पत्र्याला जवळजवळ टेकलेले असते आणि किरण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्यात एकवटतो. काही किलोमीटरांवर तोच ठिपका पाच सेंटिमीटरांचा झाला, तर क्षेत्रफळ साठ हजार पटींहून अधिक वाढले. शिवाय हवेतली धूळ, धुके, पाऊस किरण खातात. आणि हलत्या लक्ष्याच्या एकाच जागेवर तो धरून ठेवावा लागतो. तीस किलोवॅट म्हणजे तरी किती? चाळीस अश्वशक्ती. एक अश्वशक्तीची मोटर असलेले चाळीस यंत्रमाग जेवढे ओढतात तेवढे, आणि तेही किरणात उतरलेले; वीज त्याच्या काही पट लागते व उरलेली उष्णता होऊन शस्त्रालाच तापवते.

तेव्हा मोठी क्षेपणास्त्रे राहोत बाजूला; प्लास्टिकची, हलकी, बिनमाणसाची ड्रोन विमाने पाडण्यापुरते हे शस्त्र आता कामास येऊ लागले आहे. इस्रायलने २०२४ सालच्या लढाईत लेसरने अशी विमाने पाडल्याचे जाहीर केले. आपल्या संरक्षण संशोधन संघटनेच्या हैदराबादच्या केंद्राने १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूल येथे तीस किलोवॅटच्या लेसरने पंखाचे ड्रोन व ड्रोनांचा थवा निकामी करून दाखवला. पुढच्याच महिन्यात सीमेपलीकडून ड्रोनांचे थवे आले. अशा वेळी देशाने संरक्षणाचे साधन शोधू नये, असे आम्ही म्हणणार नाही. स्वस्त ड्रोन पाडायला लाखमोलाचे क्षेपणास्त्र उडवणे हा दिवाळखोरीचा धंदा आहे.

पण हिशेब पुरता मांडा, एवढीच आमची मागणी. इंग्लंडचे सरकार म्हणते, आमच्या लेसरचा एक वार दहा पौंडांत पडतो. आमच्याकडे छापून आले की दोनचार लिटर पेट्रोलच्या किमतीत काम होते. बंधूंनो, ही भाषा आम्ही वाटाघाटीच्या टेबलावर तीस वर्षे ऐकली आहे! मालक नफा दाखवताना फक्त विजेचे बिल मोजतो आणि तोटा दाखवताना यंत्राचा घसारा, जमिनीचे भाडे, पाहुण्यांचा चहासुद्धा. एका वाराची किंमत सांगताना संशोधनाची वर्षे, आरसे, थंडाव्याची यंत्रणा, ती सांभाळणारे कुशल हात आणि ढगाळ दिवसासाठी शेजारी ठेवावे लागणारे दुसरे शस्त्र, हे सारे कोठे गेले? ओडिशाच्या किनाऱ्यावर २३ ऑगस्ट २०२५ रोजी जी चाचणी झाली, तीत लेसरच्या जोडीला दोन प्रकारची क्षेपणास्त्रे होतीच.

आणि हिशेबात डोळेही धरा. तंतूच्या लेसरचा किरण दिसत नाही. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि तो थेट आतल्या पडद्यावर जाऊन जाळतो. एका कारखान्यात दार उघडताच यंत्र बंद करणारी कळ, उत्पादन खोळंबते म्हणून, तारेने बांधून टाकलेली आम्ही पाहिली. ती तार सोडवायला आणि हेल्परलासुद्धा योग्य काचेचा चष्मा मिळवून द्यायला आठ महिने पत्रव्यवहार व एक दिवसाचा संप लागला. मिरवणुकीतल्या लेसर दिव्यांनी तरुणांच्या डोळ्यांना इजा झाल्याचे नाशिक, कोल्हापूरकडच्या डॉक्टरांनी २०२३ व २०२४ साली सांगितले, ते आपण वाचले असेलच.

माणसांना जाणूनबुजून आंधळे करण्यासाठी असली शस्त्रे बनू लागली होती. १३ ऑक्टोबर १९९५ रोजी व्हिएन्ना येथे राष्ट्रांनी त्यांवर बंदी घातली; कायम आंधळेपणा आणण्यासाठीच घडवलेले लेसर शस्त्र वापरायचे नाही आणि कोणाला द्यायचेही नाही. ती १९९८ मध्ये अमलात आली आणि भारतानेही ती स्वीकारली आहे. रणांगणावर सर्रास वापर होण्याआधीच शस्त्राला लगाम घातल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडते. पण त्या करारात एक फट आहे. दुर्बिणी, कॅमेरे किंवा विमाने यांवर सोडलेल्या किरणाने ओघाओघात कोणाचे डोळे गेले, तर ते त्या बंदीत बसत नाही. तीस, साठ, शंभर किलोवॅटचा किरण चकाकत्या पत्र्यावरून उसळला तर तो कोठे जाईल? खाली शेतात कोण असेल? कर्नूलच्या मैदानावर रिकामी जागा होती. गावावर ती नसते. चाचण्यांच्या बातम्यांत पल्ला येतो, शक्ती येते. उसळलेल्या किरणापासून किती अंतरावर माणूस निर्धोक, हा आकडा येत नाही. यंत्राच्या दारावर तो लिहायला आम्ही मालकाला भाग पाडतो. येत्या अधिवेशनात हाच प्रश्न विचारावा, असे पत्र आमच्या युनियनने आपल्या खासदारांना धाडले आहे, आणि त्याची नक्कल बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांना सही करावीशी वाटेल त्यांनी करावी. प्रश्नोत्तरांसाठी अध्यक्षांनी पंधरा मिनिटे राखली आहेत, तेव्हा येथे थांबतो.