खंजरी भजन : सुरुवात कुठून करावी?

(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला. पांढुर्णा आणि सौसर मध्य प्रदेशातच राहिले. आपली राजधानी असलेले नागपूर एका दिवसात परराज्यातले शहर झाले. घरात मराठी टिकली, पण मुलांची शाळा हिंदीत आली. आज नातवंडांना मराठी समजते, बोलताना मात्र ती अडखळतात. त्यांच्यासाठी आम्ही आज खंजरी भजनाची वाट सुचवणार आहोत.

या भजनाला घराघरांत नेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावलीला त्यांचा जन्म झाला. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९४२ च्या चिमूरच्या लढ्यात त्यांना तुरुंगवास घडला. लाकडी कड्यावर चामडे ताणलेली ही एवढीशी खंजरी. पण तिच्या तालावर त्यांनी व्यसन, अस्पृश्यता, गावची स्वच्छता हे विषय लोकांपुढे मांडले.

ऐकायला सुरुवात करताना आधी फक्त ताल ऐका. एका हातात खंजरी, दुसऱ्या हाताची बोटे तिच्यावर. मग धृपद ऐका. मुख्य गायक ओळ सोडतो आणि सारे ती उचलतात. शब्दांकडे शेवटी या. ‘या झोपडीत माझ्या’ हे पहिले भजन म्हणून घ्यावे. शब्द सोपे आहेत आणि साध्या राहणीतले समाधान लहानांनाही कळते. महाराजांनी हिंदीतही भजने रचली. घरातल्या हिंदी भाषक सुनेला तिथून आत येता येईल. नंतर ४१ अध्यायांची ग्रामगीता आहेच.

देवळातले गाणे लोकांचे गाणे होते, असे दूरदेशीही घडले आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये एक जण गातो, सभा त्याला साद देते. त्याच गायकीतून ‘सोल’ संगीत निघाले. अरेथा फ्रँकलिन धर्मोपदेशकाची मुलगी. लहानपणी चर्चमध्ये गाणारी. १९६७ मध्ये अलाबामातील मसल शोल्स इथे तिने केलेले ध्वनिमुद्रण जगभर गाजले. हे संगीत आणि आपले भजन, दोन्हींत श्रोता नुसता बसून राहत नाही; त्याला गावे लागते.

मुलांसाठी मोलाची गोष्ट हीच आहे. धृपद दहा वेळा येते. वाचता न येणारे मूलही तिसऱ्या वेळी ते म्हणते, आणि त्याला कोणी चुका काढून थांबवत नाही. अडखळणारी जीभ समूहात मोकळी होते.

म्हणून आमची एक विनंती आहे. उद्यापासून विसर्जनापर्यंत रोज आरतीनंतर एक भजन व्हावे. खंजरी थोरांनी धरावी, धृपद मुलांनी उचलावे. विसर्जनाच्या दिवशी मात्र खंजरी मुलांच्या हाती द्यावी.

गणपती बाप्पा मोरया!