‘मॅन’ आणि ‘वुमन’

इंग्रजींतील ‘वुमन’ हा शब्द उच्चारला कीं त्यांत ‘मॅन’ स्पष्ट ऐकूं येतो. त्यामुळें पुरुषवाचक शब्दाला कांहीं अक्षरें जोडून स्त्रीवाचक शब्द तयार केला असावा, अशी पुष्कळांची समजूत होते. शब्दांचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

सुमारें एक हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत ‘मॅन’ याचा मुख्य अर्थ मनुष्य. मग तो पुरुष असो वा स्त्री. संस्कृत ‘मनु’ हा त्याचाच आप्त. पुरुषाला त्या काळीं ‘वेर’ म्हणत आणि स्त्रीला ‘वीफ’. ‘वेर’ हा लॅटिन ‘विर’ व संस्कृत ‘वीर’ यांच्या कुळांतला. ‘वीफ’ला ‘मॅन’ जोडून ‘वीफमन’, म्हणजे स्त्री-मनुष्य, असा शब्द झाला आणि उच्चार झिजतां झिजतां त्याचें ‘वुमन’ झालें. पुढें ‘वेर’ लोपला व त्याची रिकामी गादी ‘मॅन’नें बळकावली. ‘वीफ’चें ‘वाइफ’ होऊन पत्नी एवढाच अर्थ उरला. तरी सुईणीच्या ‘मिडवाइफ’ या नांवांत ‘सोबतची स्त्री’ हा जुना अर्थ अद्याप शाबूत आहे.

आज मानाचे वाटणारे कांहीं शब्द तर स्वयंपाकघरांतून आलेले आहेत. ‘लॉर्ड’ म्हणजे मुळांत भाकरीचा राखणदार आणि ‘लेडी’ म्हणजे तिचें पीठ मळणारी! ‘हजबंड’ हा उत्तरेकडील नॉर्स लोकांचा शब्द. त्याचा अर्थ थेट आपला ‘घरधनी’. ‘गर्ल’ हा शब्द चौदाव्या शतकांत मुलगा व मुलगी या दोघांनाही चाले. ‘फीमेल’चें ‘मेल’शीं जन्माचें नातें मुळींच नाहीं, फ्रेंच ‘फेमेल’ या निराळ्या शब्दाला इंग्रजांनीं ‘मेल’च्या जोडीस बसविलें, इतकेंच.

ही केवळ कोशकारांची करमणूक आहे, असें मात्र कोणी समजूं नये. कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत, उलट स्पष्टपणें सांगितलें नसेल तर, स्त्रियांचाही समावेश होतो, असें इंग्लंडच्या पार्लमेंटनें १८५० सालीं ठरविलें. १८६७ च्या मताधिकाराच्या कायद्यांत मतदारासाठीं ‘मॅन’ हा शब्द होता. त्याऐवजीं ‘पर्सन’ घालावा, अशी सूचना जॉन स्टुअर्ट मिल यांनीं मांडली. ती ७३ विरुद्ध १९६ मतांनीं फेटाळली गेली. पुढच्याच वर्षीं मँचेस्टरच्या पांच हजारांहून अधिक स्त्रियांनीं ‘मॅन’ या शब्दाच्या आधारें मतदारयादींत स्थान मागितलें. न्यायालयानें निकाल दिला कीं, जुन्या परंपरेनें स्त्रिया मताधिकारास अपात्र असल्यानें येथें ‘मॅन’ म्हणजे पुरुषच. कर देतांना आणि शिक्षा भोगतांना मात्र त्याच पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया निमूटपणें सामावत होत्या!

इंग्लंडांत कांहीं स्त्रियांना १९१८ सालीं मत मिळालें आणि पुरुषांच्या बरोबरीनें मिळण्यास १९२८ साल उजाडावें लागलें. कानडाच्या सेनेटसाठीं ‘पर्सन’ या शब्दांत स्त्री येते, हा निर्णय तर प्रिव्ही कौन्सिलनें १९२९ सालीं दिला.

शब्दाची व्युत्पत्ति कितीही उदार असो. त्याचा अर्थ किती लोकांना लागूं करावयाचा, हें अखेर समाजाच्याच मनावर अवलंबून असतें.