चाक का तापते?

(किन्हवली येथील प्रौढ वर्गात केलेले भाषण)



आज आम्ही मोटारीच्या ब्रेकवर बोलणार आहोत. म्हातारा मास्तर आणि मोटार, यांचा काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. संबंध आहे. आपल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली पुष्कळ मुले ट्रेलर चालवतात. काही आमच्या हाताखाली शिकली. त्यांतल्याच एकाची ही हकिगत. नाव सांगत नाही, तो लाजतो.

हा गडी नाशिककडून कांद्याचा कंटेनर घेऊन कसारा घाट उतरतो आणि न्हावाशेवा बंदराला जातो. एकदा संध्याकाळी तो आमच्या ओटीवर येऊन बसला. तोंड उतरलेले. म्हणाला, "गुरुजी, ट्रेलरची मागची चाकं तापतात. धूर येतो. मिस्त्रीनं दोनदा लायनर बदललं. मालक म्हणतो, तू ब्रेकवर पाय ठेवून बसतोस. पगारातून पैसे कापतोय."

आम्ही म्हटले, "अरे, मग बसतोस का?"

तो म्हणाला, "नाही हो गुरुजी. पोरांची शपथ."

आता चाक तापते कशाने, ते आधी पाहू. थंडीत आपण तळहात एकमेकांवर घासतो. हात गरम होतात. ब्रेकचे तसेच. चाकाबरोबर एक लोखंडी ड्रम फिरतो. त्याच्या आत दोन शू असतात. शूवर लायनर बसवलेले असते. ब्रेक दाबला की लायनर ड्रमला घासते. गाडी मंदावते आणि ड्रम तापतो. म्हणजे थोडे तापणे हे ब्रेकचे कामच आहे.

किती तापावे? हिशेब सांगतो. इगतपुरी ते कसारा हा उतार सुमारे 300 मीटरचा आहे. भरलेला ट्रेलर 40 टनांचा धरा. तो सगळा घाट फक्त ब्रेकवर उतरला, तर इतकी उष्णता निघते की तिच्यावर 400 लिटर पाण्याला उकळी येईल. म्हणजे मोठी दोन पिंपे! एवढी आग त्या ड्रमांनी सोसायची. म्हणून जाणता ड्रायव्हर घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकतो. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. न्यूट्रलमध्ये घाट उतरणारा माणूस डिझेल वाचवत नाही, मरण विकत घेतो. ड्रम फार तापला की फुगतो, लायनरपासून दूर जातो. लायनरची पकडही सुटते. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

ट्रेलरचा ब्रेक हवेवर चालतो. पुढच्या गाडीतून नळ्यांनी हवा मागे जाते. यात एक हुशारी आहे. नळी तुटली, हवा गेली, तर ब्रेक सुटत नाही, आपोआप लागतो. ही युक्ती आधी रेल्वेत आली. अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी ती 1872 साली काढली. आपल्या थळ घाटात रेल्वे त्याआधीच, 1865 साली इगतपुरीपर्यंत पोचली होती. तिथे 37 फुटांना 1 फूट चढ आहे. पण ते असो.

या हुशारीचा एक तोटाही आहे. हवा थोडी थोडी गळत असली, तर ब्रेक अर्धवट लागून राहतो. ड्रायव्हरला कळत नाही. मग ट्रेलरची सगळी चाके तापतात.

आम्ही त्या गड्याला एक वही दिली. म्हटले, "तुला लिहिता येतं ना? मग रोज लिही. कोणतं चाक किती गरम. डावं-उजवं, पुढचं-मागचं. घाट उतरल्यावर सपाट जागा पाहून गाडी थांबव आणि लगेच पाहा. ड्रमला हात लावू नकोस, भाजशील. हाताची पाठ जवळ धर. धग कळते." हल्ली लांबून ताप मोजणारे यंत्र मिळते. मिळाले तर उत्तमच.

वहीवरून पुष्कळ कळते बरे का. एकच चाक तापत असेल, तर दोष त्याच चाकात. शू मागे ओढणारी स्प्रिंग तुटली असेल, ग्रीस नसल्याने आतला दांडा अडकला असेल, किंवा ब्रेक फार आवळला असेल. ड्रमपेक्षा मधला हब जास्त गरम असेल, तर बेअरिंग पाहावे. सगळीच चाके तापत असतील, तर हवा पाहावी.

आठ दिवसांनी तो वही घेऊन आला. मागच्या आसाची दोन्ही चाके: "फार गरम." पुढच्या आसाची दोन्ही: "थंड." आठही दिवस तेच. आम्ही विचारले, "घाट उतरून आलेलं चाक थंड कसं राहील रे?" तो गप्प झाला. मग कपाळाला हात लावून हसला.

थंड चाक कामच करत नव्हते! त्याचा भार मागचे चाक वाहत होते. मिस्त्री तापलेले चाक उघडत होता आणि आजार होता थंड चाकात.

दुसऱ्या दिवशी वही मिस्त्रीपुढे ठेवली. सपाट जागी चाकांना लाकडी ओंडके लावले. टाकीत हवा भरून इंजिन बंद केले, हँडब्रेक सोडला. पुढच्या आसाच्या दांड्यांवर खडूची खूण केली. एकाने ब्रेक दाबला, दुसऱ्याने खूण किती सरकली ते मोजले. दांडा फार लांब जात होता. म्हणजे लायनर ड्रमला नीट टेकतच नव्हते. दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर झिजले होते. ते बदलले.

एक गोष्ट राहिली. चाकातून धूर आला तेव्हा क्लीनर पाण्याची बादली ओतायला धावला होता. याने अडवले, ते बरे केले. लालबुंद ड्रमवर गार पाणी पडले तर तो तडकतो. ज्वाळा नसेल, तर ड्रम आपोआप निवू द्यावा. हँडब्रेक न ओढता चाकांना ओंडका लावावा. आणि गाडी सोडून चहाला जाऊ नये. ड्रमची धग टायरला लागते, आणि गाडी थांबल्यावर थोड्या वेळानेही टायर पेटू शकतो.

वही पाहून मालक काही बोलला नाही. कापलेले पैसे दोन हप्त्यांत परत आले, तिसरा हप्ता अजून यायचा आहे. वहीची पाने मात्र संपली. परवा आमच्याकडे दुसरी मागून नेली.